मध्यस्थ की लवाद?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंच्या सोसायटीचा रीडेव्हलपमेंटचा करार इंग्रजीत आहे, सभासदांना वाचता यावा म्हणून त्याचं मराठी करायला घेतलंय, आणि आर्बिट्रेशनच्या कलमाला सेक्रेटरींनी 'मध्यस्थी' असं लिहिलंय. ताईंचं म्हणणं तिथे 'लवाद' पाहिजे. सेक्रेटरी म्हणतात दोन्ही एकच, लोकांना मध्यस्थी पटकन कळतं.

ताई, तुमचं बरोबर आहे आणि प्लीज हे सोडून देऊ नका, कारण दोन्ही एकच नाहीत, अजिबात नाहीत.

मध्यस्थ म्हणजे मध्ये पडणारा. लग्न जमवताना असतो, जमिनीच्या सौद्यात असतो, बांधावरून भावाभावांत अबोला झाला की दोघांच्या ओसरीवर चहा पिऊन येणारा तोही मध्यस्थच. तो समजूत घालतो, थोडं तू सोड थोडं त्याला सोडू दे म्हणतो, पण ऐकायचं की नाही हे शेवटपर्यंत आपल्या हातात असतं, समेटाच्या कागदावर सही केली की मग बांधले गेलो, त्याआधी नाही. लवादाचं तसं नसतं. लवाद दोघांचं म्हणणं ऐकतो, कागद बघतो, पुरावा घेतो आणि निवाडा देतो, आणि निवाडा मनासारखा नाही म्हणून उठून घरी जाता येत नाही. १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो. मध्यस्थ समेट घडवतो, लवाद निवाडा देतो, एवढं लक्षात ठेवलं तरी गोंधळ होत नाही.

हा गोंधळ मला वाटतं हिंदीतून आलाय. त्याच कायद्याचं हिंदी नाव 'माध्यस्थम् और सुलह अधिनियम' आहे आणि हिंदी बातम्यांत आर्बिट्रेशनलाही मध्यस्थता आणि मीडिएशनलाही मध्यस्थता असं सर्रास चालतं. आपल्याकडचे भाषांतरवाले तिथून उचलतात आणि शेवटचा 'ता' काढून 'ई' लावतात. हिंदीची अडचण असेल, पण आपल्याकडे लवाद हा खणखणीत वेगळा शब्द जुन्या कोशांपासून असताना आपण का म्हणून तो टाकायचा?

मी यावर इतकं पोटतिडकीनं का बोलतोय ते सांगतो. माझे मामा एका ओळखीच्या माणसाच्या टेम्पोच्या कर्जाला जामीनदार राहिले होते. फायनान्स कंपनीचा करार इंग्रजीत, त्याला जोडलेलं मराठी माहितीपत्रक एक पानाचं, त्यात ओळ होती, 'वाद उद्भवल्यास मध्यस्थीने सोडवला जाईल'. हप्ते थकले. मामांना परगावच्या पत्त्यावरून नोटीस आली, अमुक तारखेला हजर राहा. मामांनी ते माहितीपत्रक काढून वाचलं आणि म्हणाले, मध्यस्थ आहे ना, आपला काय संबंध, त्यांचं त्यांचं मिटवतील. गेले नाहीत. दुसरी नोटीस आली तीही टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेली. मग एकतर्फी निवाडा झाला, त्याची प्रत आली तीसुद्धा त्याच ड्रॉवरमध्ये. निवाड्याविरुद्ध कोर्टात जायला प्रत मिळाल्यापासून तीन महिने असतात, फार तर वर आणखी ३० दिवस कोर्ट देऊ शकतं, ते सगळे निघून गेले आणि दरखास्त, म्हणजे निवाडा बजावण्यासाठीचा अर्ज, कोर्टात दाखल झाल्याचं समन्स आलं तेव्हा मामा पहिल्यांदा वकिलाकडे गेले. त्या पत्रकात 'लवाद' असतं तर मामांना अर्थ लगेच कळला असता असं नाही, पण त्यांनी कुणालातरी विचारलं असतं. 'मध्यस्थी' कळलं म्हणूनच त्यांनी कुणाला विचारलं नाही.

आता लवाद या शब्दाबद्दल. मुळात लवाद म्हणजे तो माणूस, म्हणून आपण 'लवाद नेमला', 'लवादांनी निवाडा दिला' असं म्हणतो, आणि त्या कामाला जुना शब्द लवादी. हल्ली लवादी फारसं कुणी म्हणत नाही, माणूस आणि प्रक्रिया दोन्हीला लवादच. हायवेत जमीन गेलेले शेतकरी तर 'आम्ही लवाद टाकलाय' म्हणतात, म्हणजे चक्क केसलाच लवाद म्हणतात, कारण राष्ट्रीय महामार्गाच्या १९५६ च्या कायद्यात मोबदला पटला नाही तर सरकारने नेमलेल्या लवादाकडे जायची सोय आहे. बोलीत असं सरकत जातं, त्यात मला काही खटकत नाही.

खटकतं ते पेपरवाल्यांचं 'हरित लवाद'. ते न्यायाधिकरण आहे, कायद्याने बसवलेलं, तुम्ही मानलं काय न मानलं काय. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ साली नेमलेला तो बच्छावत लवादसुद्धा त्याच जातीचा. पण तो शब्द आता इतका रुळलाय की सांगली-कोल्हापूरकडे कुणी 'कृष्णा पाणी तंटा न्यायाधिकरण' म्हणणार नाही, ते राहू दे. फक्त करार लिहिताना ध्यानात ठेवायचं की खासगी लवादाचा जीव दोघांच्या संमतीत असतो, तीही लेखी.

आणि या लेखी संमतीला आपल्याकडे काय शब्द होता माहितीये? राजीनामा! आज नोकरी किंवा खुर्ची सोडताना देतो तो नाही, राजी असल्याचा कागद. पेशवाईत वाद पंचायतीपुढे न्यायचा तर वादी-प्रतिवादी दोघांकडून आधी राजीनामा घ्यायचे, पंच सांगतील ते कबूल असा, वर जामीनही घ्यायचे. निकाल लागला की निवाडपत्र आणि हरलेल्याकडून यजितखत, म्हणजे हरलो, परत हा वाद उकरणार नाही असं लिहून. पाचामुखी परमेश्वर खरं, पण त्याआधी दोघांची सही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलेलं, आजच्या लवाद कराराचा सांगाडा जवळपास हाच आहे. इंग्रज आल्यावरही हे लगेच बंद पडलं नाही, मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या कायद्यांत लवादासाठी स्वतंत्र रेग्युलेशन होतं.

तर ताई, तुमच्या कलमाचं मराठी मी असं करीन: 'या करारातून किंवा कराराच्या संबंधात कोणताही वाद निर्माण झाल्यास तो लवादाकडे सोपवला जाईल. लवादाचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील.' इंग्रजीत निवाड्याला 'अवॉर्ड' म्हणतात, त्याचं 'पुरस्कार' झालं नाहीये ना ते एकदा बघा, मी स्वतः पाहिलंय एका मसुद्यात. आणि इंग्रजी मूळ परत वाचा, लवाद कोण नेमणार हे तिथे काय लिहिलंय. नुसतं 'बिल्डर नेमेल' असेल तर भाषांतर बाजूला ठेवून आधी वकिलाला दाखवा, कारण निकालात ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगितलंय. एकाहून जास्त लवाद असतील तर आकडा विषम लागतो, दोन लिहिलं असेल तर तेही विचारा.