ठराव झाला, मग काम कुठं अडलं?

प्रश्न : मी सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत पहिल्यांदाच निवडून आले आहे. आमची वस्ती सखल, पावसाचं पाणी आठ-आठ दिवस हटत नाही. गटारीचा ठराव महासभेत एकमतानं झाला, पण अजून कुदळ पडलेली नाही. काय करावं?
– एक नगरसेविका, सांगली

उत्तर : ताई, ठरावानं कामाला संमती मिळते, पैसा मिळत नाही. आधी लेखा विभागात जा. काम कोणत्या लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यावर टाकलंय आणि त्यात तरतूद किती उरलीय, एवढंच विचारा. पुष्कळ फायली इथंच पडून राहतात. तरतूद संपली असेल तर पुढच्या वर्षासाठी लेखी मागणी डिसेंबरातच द्या. आयुक्त अंदाजपत्रक आधी स्थायी समितीपुढं ठेवतात, मग ते महासभेत येतं. तोवर आकडे जवळपास ठरलेले असतात.

पैसा असेल तर एस्टिमेट, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज बघा. शाखा अभियंता लेव्हल घ्यायला, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायला येईल त्या दिवशी जागेवर उभ्या राहा. गटार कुठून सुरू करायची हे गल्लीतलं कुणीही सांगेल. ती शेवटी कोणत्या नाल्यात सोडायची आणि त्या नाल्याचा तळ किती खोल, हे कुणी विचारत नाही. शेवटचं टोक उंच राहिलं की नवी गटारही तुंबते, आणि कृष्णेला फुग आली, म्हणजे नदी फुगून पाणी मागं दाटलं की पाणी उलटं घरात शिरतं. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या गावात ही चूक व्हायला नको.

पुढं तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश. प्रत्येक पत्राची पोच घ्या, आवक क्रमांक नि तारीख वहीत लिहा. ‘साहेब बघतो म्हणाले’ याची नोंद कुठंच राहत नाही.

प्रभागात चार सदस्य असतील तर चौघांच्या सह्यांचं एकच पत्र द्या. चौघांनी चार गल्ल्या मागितल्या की निधीचे तुकडे होतात आणि एकही गटार नाल्यापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : माझ्या यजमानांची बांधकाम फर्म आहे, मी तिच्यात भागीदार आहे. तिनं पालिकेचा ठेका घेतला तर चालेल?

उत्तर : नाही. पालिकेच्या ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर पद जातं. भागीदारामार्फत असला तरी. अनधिकृत बांधकामाचंही तसंच. ते तुमचं, यजमानांचं किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुणाचं असलं तरी अपात्रता येते. घराचा मंजूर नकाशा काढून गच्चीवरचं शेड आणि मागं वाढवलेली खोली त्यात आहे का, हे या आठवड्यातच ताडून घ्या.