दुसरा शब्द देणार नाही

चि. पोरी,

तुझं पत्र पोचलं. अंगणवाडीत निवड झाली हे वाचून बरं वाटलं. पण शेवटी तू लिहिलंस, ‘सर, भावकीत सांगायला मदतनीसऐवजी एखादा भारदस्त शब्द सुचवा,’ आणि मी तिथंच अडलो. नाही सुचवणार. आधी आहे तो शब्द उलगडून बघ.

मदत म्हणजे अरबी ‘मदद’. त्याच्या धातूचा अर्थ ताणणं, लांबवणं. मला त्यात पुढं केलेला हात दिसतो. आणि नीस म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. चिटणीस, फडणीस याच घरातले. दफ्तरं सांभाळणाऱ्यांच्या नावातला तुकडा तुझ्या पदाला लागलाय, आणि तू तो शब्दच लपवायला निघालीस!

सहायकाच्या मुळाशी ‘सहाय’ आहे, म्हणजे बरोबर जाणारा. नोकर तर मंगोलांचा शब्द. त्यांच्यात तो सरदाराचा सोबती होता. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत चाकर झाला. ग्रीकांचा मदतनीस म्हणजे ‘बोएथोस’. ‘बोए’ म्हणजे आरोळी, पुढचा भाग धावण्याचा. आरोळी ऐकून धावत येणारा. आपण देवाचा धावा करतो, त्यातही हाक आणि धाव दोन्ही आहेतच की. कुठं ग्रीस आणि कुठं गोदाकाठ! आपल्या गंगाखेडची जनाबाई स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवून घेते. तिनं कुणाकडं दुसरा शब्द मागितला नाही.

आता गडी. खेळात आपल्या बाजूचा तो गडी, सवंगडीही त्यातलाच. आणि पाडव्याला ज्याचा वर्षाचा करार होतो तो सालगडी. माझा बाप सालगडी होता. कॉलेजच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी ‘शेती’ लिहिलं. संध्याकाळी बापानं विचारलं, माझ्याबद्दल काय लिहिलंस? त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तो काहीच बोलला नाही, उठून बैलांना वैरण टाकायला गेला. पुढं चाळीस वर्षं मराठी शिकवली, गडी शब्दावर वर्गात तासन्‌तास बोललो, पण तो माणूस असेपर्यंत त्याच्यासमोर बोललो नाही. तो फॉर्म अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून सांगतो, शब्द बदलू नकोस, उलगड. आमच्या शाळेत शिपाई पदाला गोड नाव द्यायचा ठराव आला, तेव्हा मी एकटा विरोधात उभा राहिलो. शिपाई म्हणजे सैनिक, याहून मोठं नाव कुठून आणणार? नाव बदलून त्या माणसाला बसायला खुर्ची मिळणार होती का? तो स्वतःच माझ्यावर चिडला, दोन वर्षं बोलला नाही. सहकारी म्हणाले, ह्यांना माणसापेक्षा व्युत्पत्ती प्यारी. तसं नव्हतं. मी खुर्ची मागत होतो. माझं आजही तेच म्हणणं आहे.

मानधन कमी आहे, हे तुझं खरं आहे. त्यासाठी जिल्हा परिषदेवर मोर्चा निघाला तर पुढं रहा; तब्येत साथ देत असेल तर मीही येईन. पण ते भांडण पैशाचं आहे. त्यात शब्दाची लाज मिसळू नकोस, भांडण कमजोर होतं. १९७५ साली अंगणवाडीची योजना सुरू झाली, तेव्हापासून लेकरांना घरून बोलावून आणणं, चूल पेटवणं तुझ्यासारख्या बायाच करत आल्यात. रडणारं लेकरू कडेवर घेताना तुला कोणता भारदस्त शब्द लागणार आहे?

भावकीत कुणी विचारलं तर मदतनीस म्हण. परत विचारलं तरी मदतनीसच. आणि एक राहिलं. तुझ्या पत्रात तू हा शब्द तीनदा लिहिलास, तिन्ही वेळा ‘मदतनिस’. नी दीर्घ आहे. रुजू होशील त्या दिवशी नीट लिही.

तुझा,
सर