वाचक विचारतात : बास्क म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : पुण्यात हल्ली ज्या कॅफेत जावं तिथे बास्क चीजकेक, वरून करपलेला. हे बास्क लोकांचं पारंपरिक पक्वान्न आहे का? आणि बिनअंड्याचा होतो का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पारंपरिक कसलं हो, १९९०च्या आसपासची गोष्ट आहे. उत्तर स्पेनमधलं बास्क शहर सॅन सेबास्टियन, त्यांच्या भाषेत दोनोस्तिया, तिथल्या ला विन्या नावाच्या बारमधला हा केक. खाली बिस्किटाचा थर नाही, कागद भांड्याच्या वरपर्यंत आलेला, ओव्हन कडक तापवलेला, म्हणून वरून काळा आणि मधे लिबलिबीत. अंडी काढली की तो लिबलिबीतपणाच जातो, कॉर्नफ्लोअर घालून करतात लोक, करा बापडे. पण त्या गावाची खरी चव म्हणजे बारच्या काउंटरवर मांडलेले पिंचो, म्हणजे एकदोन घासांचे छोटे पदार्थ. त्यातला गिल्दा बघा, काडीला टोचलेलं ऑलिव्ह, खारवलेला अँचोव्ही मासा आणि व्हिनेगरमधली हिरवी मिरची. एका घासात संपतो आणि नाकातोंडातून वाफ निघते.

प्रश्न : आम्ही बॉयसीला (आयडाहो) राहतो. २०२५च्या जुलैत इथे बास्क लोकांची मोठी जत्रा झाली, हायाल्दी. आमचे शेजारी त्यात नाचले, चौथी पिढी, घरात फक्त इंग्रजी, तरी छाती ठोकून 'आम्ही बास्क'. आमची मुलं मराठी बोलत नाहीत म्हणून सासूबाई रोज ऐकवतात, यांचं कसं चालतं? – एक वाचक, बॉयसी

उत्तर : चालतं कुठे, तोच तर त्यांचा जुना वाद आहे! त्यांच्या भाषेचं नाव एउस्कारा, आणि बास्क माणसाला त्या भाषेत शब्द आहे एउस्काल्दुन, म्हणजे ज्याच्याकडे एउस्कारा आहे तो. रक्त नाही, आडनाव नाही, भाषा. तो शब्द काटेकोर घेतला तर तुमचे शेजारी त्यात बसत नाहीत, आणि खुद्द स्पेन-फ्रान्समधल्या सात बास्क प्रांतांतलेही निम्म्याहून जास्त लोक बसत नाहीत. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात चारचौघांत ती भाषा बोलायची चोरी होती, शाळेत मुलांना शिक्षा व्हायच्या. मग एउस्कारात शिकवणाऱ्या इकास्तोला नावाच्या शाळा लोकांनी आधी चोरून, मग उघड चालवल्या. बॉयसीतही १९९८पासून लहान मुलांची एक इकास्तोला आहे, तुमच्या घरापासून लांब नसेल.

अमेरिकेत यांना धरून ठेवलं ते मात्र जेवणाच्या टेबलाने, असं माझं मत. पोरं आली ती मेंढ्या राखायला, गंमत म्हणजे बरीचशी शेतकऱ्यांची, एवढे मोठे कळप त्यांनी आधी पाहिलेलेही नव्हते. महिनोन्‌महिने डोंगरात एकटं. वेळ जाईना म्हणून अ‍ॅस्पेनच्या पांढऱ्या खोडावर चाकूने नाव, गाव, साल बारीक कोरायचे, ते तेव्हा दिसायचंही नाही नीट, पुढे वर्षांनी झाडाची साल भरून काळी अक्षरं उमटायची. गावात उतरले की बास्क खाणावळीत मुक्काम, लांब टेबल, अनोळखी माणसाला चिकटून बसायचं, आणि सूप, बीन्स, ब्रेड, मटण सगळं पातेल्यातून पुढे सरकवायचं. नेवाडातल्या एल्कोचं स्टार हॉटेल १९१०चं, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचं नोरिएगा १८९३चं, ते २०२०मध्ये बंद झालं. तिथे भाषा आपोआप कानावर पडायची. टेबल गेलं की उरतात नाच आणि झेंडा.

गाण्याचं विचारलं नाहीत पण सांगतेच. बेर्त्सोलारी म्हणजे त्यांचा शाहीरच, विषय तिथल्या तिथे मिळतो, चाल-वृत्त ठरलेलं, वाद्य नाही, काही सेकंद गप्प उभं राहून गायचं. युक्ती अशी की शेवटची ओळ आधी जुळवतात आणि मग तिथवर पोचतात. यमकावरून श्रोत्यांना ती कळते आणि तेही सोबत गातात. दर चार वर्षांनी मोठी फायनल असते, हजारोंचा हॉल भरतो. २००९ला मायालेन लुहांबिओ जिंकली, पहिली बाई. आता हे नुसतं ताल धरून कसं ऐकणार, भाषा येत नसेल तर सगळी मजाच गेली. सासूबाईंना हे वाचून दाखवू नका.

प्रश्न : गोंयचो सायब, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, बास्क होता हे खरं का? आम्ही स्पॅनिशच समजत होतो. – एक वाचक, मडगाव

उत्तर : खरं. फ्रान्सिस झेवियर १५०६चा, नावार या बास्क प्रांतातल्या, तेव्हाच्या वेगळ्या राज्यातल्या, हाविएर किल्ल्यातला. झेवियर हे त्या गावाचंच नाव, मूळ बास्क एचेबेरी, म्हणजे नवं घर. गोव्यात आज जितके झेवियर आहेत ते सगळे 'नवेघरे' झाले म्हणा. १५१२ला स्पेनमधल्या कास्तील राज्याने नावार जिंकलं, पुढे किल्ल्याचे बुरूज पाडले. त्याचे भाऊ नावारच्या बाजूने लढले, आणि १५२१ला पाम्प्लोनाच्या लढाईत समोरच्या बाजूला पाय मोडून पडला तो इग्नेशियस लोयोला, पुढे जेझुइट पंथाचा संस्थापक, तोही बास्कच! पुढे पॅरिसमध्ये हे दोघे एका खोलीत राहिले.

१५५२ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर झेवियर वारला तेव्हा तापात बडबडत होता ते जवळच्या माणसाला कळेना. बास्क म्हणतात ती आमची भाषा होती. म्हणून १९४९पासून ३ डिसेंबर, त्याच्या पुण्यतिथीचा दिवस, हा एउस्काराचा दिवस, ज्या दिवशी तुम्ही जुन्या गोव्याच्या फेस्ताला रांगेत उभे असता.