तुझा रणगाडा आणि आजोबांचा किल्ला

चि. ओजस यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. किल्ला झकास झालाय! तू दरवाजाशी रणगाडा उभा केलास, आजोबांनी तो उचलून कट्ट्यावर ठेवला, आणि तू रुसून विचारलंस, "दिवाळीच्या किल्ल्यावर फक्त मावळेच का? आता भाल्याने कोण लढतं?"

रणगाड्याबद्दल मी तुझ्या बाजूची आहे. आजोबांना म्हणावं, आपल्याच पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे सैन्यासाठी शस्त्रं तयार करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेत, पिनाक रॉकेट तयार झालं. एका गाडीवरून ४४ सेकंदांत १२ रॉकेटं सुटतात. १९९९ ला कारगिलमध्येही ते नेलं होतं. नाव मात्र शंकराच्या धनुष्याचं. मग मावळ्याशेजारी रणगाडा का नको?

मला खटकलं ते वेगळंच. कुंभारवाड्यातून आणलेले सगळे मावळे तू दरवाजाशी उभे केलेस आणि मागचा कडा मोकळा सोडलास. अरे, १६७० मध्ये तानाजी मालुसरे सिंहगडावर दरवाजातून गेले का? रात्रीच्या अंधारात कडा चढून गेले. जिथून कोणी येणार नाही असं वाटतं, तिथूनच माणूस येतो.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. १३ फेब्रुवारी २०१०, शनिवार संध्याकाळ. कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत कोणीतरी गिऱ्हाइकासारखं आलं आणि बॅग ठेवून गेलं. स्फोटात १७ माणसं गेली. खडकवासल्याला सैन्याचे अधिकारी घडवणारी एनडीए, लोहगावला हवाई दलाचा तळ, कॅम्पात लष्कराच्या सदर्न कमांडचं मुख्यालय, अशा आपल्या गावात! त्या रात्री आजोबा टीव्हीसमोरून उठले नाहीत. पुढे कितीतरी महिने मी हॉटेलात बसायच्या आधी टेबलाखाली वाकून बघायचे. मैत्रिणी हसायच्या. हसू देत.

महाराजांच्या गडावर हवालदार (गडाचा प्रमुख), सबनीस (हिशेब-नोंदी बघणारा) आणि सरनोबत (गडावरच्या सैनिकांचा प्रमुख) असे तिघे अधिकारी असत, म्हणजे एकालाच फितवून गड घेता येऊ नये. दरवाजे तिन्हीसांजेला बंद. दारूकोठार वस्तीपासून लांब. आणि पाण्याचं टाकं आधी, बाकीचं बांधकाम नंतर. तुझ्या किल्ल्यावर टाकं दिसलंच नाही मला. आजीकडून एक वाटी माग आणि मातीत पुर.

आता असं कर: दोन मावळे कड्याकडे हलव, रणगाडा दरवाजाच्या आत घे. आजोबा काही म्हणाले तर माझं नाव सांग. अळीव मात्र आजच पेर, नाहीतर नरकचतुर्दशीपर्यंत हिरवळ यायची नाही.

तुझी आई