आपले जुने सेस्ना १७२ छोट्या प्रमाणात बांधताना

अमेरिकेत स्वतःच्या मालकीचे सेस्ना १७२ आपण उडवले असेल आणि आता त्याचीच १:४८ प्रमाणातील प्रतिकृती करायची असेल, तर किट घेण्याआधी विमानाचे उत्पादनवर्ष पक्के करावे. कारण १९६० च्या मॉडेलपासून या विमानाची उभी शेपटी मागे झुकती झाली आणि १९६३ च्या मॉडेलपासून केबिनला मागची काच आली. हे बदल प्लॅस्टिक कापून-सांधून करणे नवशिक्याचे काम नव्हे. डब्यावरच्या चित्रावर मात्र विसंबू नये.

पुढचे चाक नाकाखाली असल्याने धडाचे दोन भाग चिकटवण्यापूर्वीच इंजिनाच्या आवरणात शिशाचे वजन बसवावे, अन्यथा मॉडेल शेपटीवर बसते. काचांना सुपरग्लू लावू नये, त्याच्या वाफेने त्या धुरकटतात. सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरावा.

खरा वेळ नोंदणी क्रमांकाला द्यावा, कारण आपले विमान ओळखू येते ते त्यावरूनच. मूळ अक्षरे १२ इंच उंच असल्यास ती येथे पाव इंच, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटर भरतात. अक्षरे पांढरी असतील, तर घरचा प्रिंटर कामाचा नाही, कारण त्यात पांढरी शाई नसते. पांढऱ्या डेकल कागदावर (ज्यावरचे छापील चित्र पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवतात) भोवतालचा रंग छापण्याची युक्ती आहे खरी, पण तो रंग धडाशी जुळता जुळत नाही. त्यापेक्षा आधी पांढरा रंग देऊन, त्यावर मास्किंग टेपची कापलेली अक्षरे चिकटवून मग वरचा रंग फवारणे मला अधिक पसंत आहे.