एस्सिटालोप्रॅम सुरू करताना

एस्सिटालोप्रॅमची गोळी सुरू करून चार दिवस झाले, तरी काहीच फरक पडला नाही म्हणून आपण धास्तावला असाल, तर ते स्वाभाविक आहे. परंतु नैराश्य आणि सततची चिंता यांवरील या औषधाचा गुण साधारणतः 2 ते 4 आठवड्यांनी दिसू लागतो, तर मळमळ, डोकेदुखी, बेचैनी आणि झोपेची तक्रार मात्र पहिल्याच आठवड्यात हजर होतात. बहुतेकांच्या बाबतीत त्या हळूहळू ओसरतात, तेव्हा धीर धरावा. गोळी जेवणानंतर घेतल्यास पोटाला बरे पडते. कामेच्छा कमी होणे टिकून राहू शकते. संकोच न बाळगता डॉक्टरांना सांगावे, त्यावर मार्ग निघतो.

नवखे लोक सहसा दोन ठिकाणी चुकतात:
- बरे वाटताच गोळी एकदम बंद करतात, आणि मग चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्याचा भास सुरू होतो.
- अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा ट्रॅमाडॉल परस्पर घेतात.

आपल्या गोळीच्या पाकिटावर एस्सिटालोप्रॅमसोबत क्लोनाझेपाम या शामक औषधाचेही नाव छापले आहे का, हे आजच पाहावे; त्याची सवय लागते, म्हणून जुन्या चिठ्ठीवर तेच पाकीट पुनःपुन्हा आणू नये.

जीव नकोसा वाटू लागल्यास (पंचविशीच्या आतल्यांनी सुरुवातीला विशेष जपावे) त्याच क्षणी डॉक्टरांना किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा.