'ऑब्स्टेट्रिकल नर्स' म्हणजे सुईण नव्हे

एका ताईंनी विचारलं आहे: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांवर लेख लिहिते आहे, त्यातल्या 'ऑब्स्टेट्रिकल नर्स'ला 'सुईण' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. शिकागोचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. जोसेफ डी ली यांचं 'ऑब्स्टेट्रिक्स फॉर नर्सेस' १९०४ साली निघालं. त्यातली नर्स बाळंतीण सोडवत नाही, ते काम डॉक्टरचं. तिनं खोली तयार ठेवायची, सामान उकळून निर्जंतुक करायचं, प्रसूतीच्या वेळी डॉक्टरच्या हाताशी राहायचं आणि नंतर बाळ-बाळंतिणीचं सगळं बघायचं. जन्मल्याबरोबर बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायचे, हेही त्या काळच्या शिक्षणातलं. आईच्या परम्याचा संसर्ग डोळ्यांत जाऊन मुलं आंधळी होत. त्यावर जर्मनीतल्या लाइपझिगच्या डॉ. क्रेडे यांनी १८८०च्या सुमारास हा उपाय काढला होता. शिवाय डी ली यांचा सुइणींच्या व्यवसायालाच कडवा विरोध होता. त्यांच्याच विद्यार्थिनींना 'सुईण' म्हटलं तर अर्थ पार उलटा होईल.

मराठीत हा भेद आपण रोज बोलतो. 'सुइणीनं सोडवलं' म्हणजे प्रत्यक्ष प्रसूती केली. 'आईनं तिचं बाळंतपण केलं' म्हणजे शेक-शेगडी, तेल-पाणी, खाणंपिणं, बाळाला न्हाऊमाखू घालणं. डी ली यांची नर्स मुख्यतः बाळंतपण करणारी, म्हणून मी 'प्रसूती परिचारिका' लिहीन.

'परिचारिका' हा शब्द कुणाला सरकारी वाटेल, पण इथे तो शोभतो. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या 'शारीरस्थान' या भागात प्रसूतीच्या वेळी चार स्त्रिया जवळ असाव्यात असं सांगितलं आहे: 'परिणतवयसः प्रजननकुशलाः कर्तितनखाः परिचरेयुः'. म्हणजे पोक्त वयाच्या, प्रसूतीच्या कामात तरबेज, नखं कापलेल्या बायकांनी परिचर्या करावी. क्रियापद तेच, 'परि + चर्'. आणि 'कर्तितनखाः' हे पद तर मला फार मोलाचं वाटतं. नर्सनं नखं बारीक ठेवावीत हा नियम आजही पहिल्या धड्यातला.

'सुईण' मात्र टाकून देऊ नका. फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे हिनं १७५९ मध्ये पाठ्यपुस्तक छापलं आणि राजाच्या परवानगीनं गावोगाव हिंडून, कापडा-चामड्याच्या बाहुलीवर बायकांना प्रसूती करायला शिकवलं. त्या बायका सुइणीच. इंग्लंडमध्ये १९०२च्या कायद्यानं ज्यांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला चौकट मिळाली, त्यांनाही 'प्रशिक्षित सुईण' हेच बरोबर. 'दाई' मी दोन्हीकडे टाळेन. फारसीतल्या 'दाया'चा मूळ अर्थ दूध पाजणारी, आणि मराठीतही तो शब्द मूल सांभाळणारीपासून सुइणीपर्यंत सगळीकडे फिरतो. वाचक नेमकं काय समजेल याचा भरवसा नाही.